फ्रेंच नामांचे लिंग: शेवटावरून ओळखावे की उपपदासह पाठ करावे?

फ्रेंच शिकणाऱ्या मराठी माणसाला नामाला लिंग असणे नवे नसते. अडचण होते ती आपल्या भाषेतले लिंग नकळत तिकडे नेल्यामुळे. आपले पुस्तक नपुंसकलिंगी, तर फ्रेंचमधले ‘लिव्र’ पुल्लिंगी. आपले टेबल नपुंसकलिंगी, तर तिथले ‘ताब्ल’ स्त्रीलिंगी. तेव्हा शब्दाच्या शेवटावरून लिंग ओळखण्याचे नियम शिकावेत, की प्रत्येक नाम उपपदासह, म्हणजे पुल्लिंगी ‘ल’ किंवा स्त्रीलिंगी ‘ला’ आधी लावून, पाठ करावे? मी दोन्ही करून पाहिले आहे.

नियमांनी वेळ वाचतो, हे मान्य करायला हवे. ‘नास्यों’, ‘स्तास्यों’ स्त्रीलिंगी आणि ‘व्हिलाज’, ‘फ्रोमाज’ पुल्लिंगी, हे शेवटावरून कळले की तशा शेवटाचे कितीतरी शब्द एकदम हाताशी येतात. ‘प्लाज’, ‘पाज’, ‘इमाज’ हे स्त्रीलिंगी अपवाद वेगळे लिहून ठेवता येतात. बोलताना मात्र नियम आठवेपर्यंत वाक्य पुढे गेलेले असते, आणि लिंग चुकले की विशेषण व सर्वनामही चुकते.

उपपदाच्या वाटेवर मला सर्वांत जास्त छळले ते स्वरापुढे ‘ल’ आणि ‘ला’ या दोघांचाही स्वर गळून उरणाऱ्या एकट्या ‘ल्’ने. झाड म्हणजे ‘लार्ब्र’, शाळा म्हणजे ‘लेकोल’, अशी वही मी कित्येक महिने भरली, पण हिरवे झाड म्हणायची वेळ आली तेव्हा तिच्यात लिंगाचा मागमूस नव्हता. मग ‘एक’ या अर्थाची उपपदे, पुल्लिंगी ‘अं’ आणि स्त्रीलिंगी ‘यून’, घेतली. तरी स्वरापुढे दोन्हींतला ‘न’ शब्दाला चिकटतो आणि नवख्या कानाला फरक पुसट लागतो. शेवटी प्रत्येक नामामागे रंग जोडून मोठ्याने म्हणू लागलो: ‘अं-नार्ब्र व्हेर’ (हिरवे झाड), ‘यू-नेकोल व्हेर्त’ (हिरवी शाळा). शेवटचा ‘त’ ऐकू आला की स्त्रीलिंग, आणि तो विसरणे कठीण.

डेल्फ ही फ्रेंच भाषेची प्रमाणपत्र परीक्षा दोन महिन्यांवर असेल, तर बहुधा नियमच अधिक उपयोगी पडतील. ज्यांना बोलायचे आहे, त्यांनी मात्र माझ्या मते रंगाची वाट धरून पाहावी. ‘मी पत्र लिहिले’, ‘मी चिठ्ठी लिहिली’ यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, ते आपण नियम न आठवता बोलतो; फ्रेंचमध्ये ‘आव्ह्वार’ (‘जवळ असणे’) हे सहायक क्रियापद असताना तसे होते ते कर्म क्रियापदाच्या आधी आले तर. ‘ला लेत्र क जे एक्रित’ (मी लिहिलेले पत्र; ‘लेत्र’ स्त्रीलिंगी) म्हणताना शेवटचा ‘त’ माझ्या तोंडी आपसूक आला, तो रंगांच्या सरावामुळेच, असे मला वाटते.