परदेशात एलएलएमसाठी लोन काढताय? पुण्यातल्या कन्सल्टंटने आमचे चार लाख कसे नेले ते वाचा

ज्यांची मुलं एलएलबी संपवून इंग्लंडला एलएलएम (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) करायचं म्हणतायत त्यांनी हे पूर्ण वाचा ही विनंती. डेक्कन, जेएम रोड, एफसी रोड या पट्ट्यात परदेशी शिक्षणाची ऑफिसं भरपूर आहेत, सगळी चोर आहेत असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण आमच्याबरोबर जे झालं ते तसंच्या तसं सांगते. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण त्या माणसाने आधी करिअरबद्दल खोटं सांगितलं आणि मग त्या खोट्याच्या जोरावर लोनचं खोटं रचलं, त्याचा राग अजून जात नाही.

आमचं घर आंबेगावला, गुंठेवारीतलं, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरचं. घर स्वतःचं, टॅक्स वेळेवर भरलेला, पण मंजूर नकाशा नाही. सरकारी बँकेतल्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं की साधारण साडेसात लाखांच्या वर लोन गेलं की तारण लागतं आणि नियमित न झालेलं गुंठेवारीचं घर आम्ही तारण म्हणून घेऊ शकत नाही. आणि खर्च तर बघा, इंग्लंडमध्ये एलएलएमची फी साधारण २० ते ३५ हजार पाऊंड, मोठ्या नावाच्या ठिकाणी त्याहून जास्त, वर व्हिसासाठी राहण्याखाण्याचे पैसे दाखवायचे, लंडनला नोव्हेंबर २०२५ पासून महिन्याला १,५२९ पाऊंड धरून नऊ महिन्यांचे, म्हणजे १३,७६१ पाऊंड, आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा हेल्थ सरचार्ज वर्षाला ७७६ पाऊंड वेगळा. साडेसात लाखांत यातलं काय होणार?

मग बाबांच्या ओळखीतून माझ्या एलएलएमसाठी या कन्सल्टंटचं ऑफिस मिळालं. तिथले सर पहिल्याच भेटीत म्हणाले, "काका, गुंठेवारीचं टेन्शन तुम्ही सोडा, बँकेत आपली सेटिंग आहे, बिनतारण ४० लाख करून देतो, पोरगी सप्टेंबरला लंडनमध्ये." बाबांनी विचारलं की एवढं फेडायचं कसं, तर उत्तर काय, "एलएलएम झालं की डायरेक्ट सॉलिसिटर, तिकडचा पगार, दोन-तीन वर्षांत लोन क्लिअर."

इथे थांबा जरा, कारण सगळी फसवणूक या एका वाक्यावर उभी आहे. एलएलएम केलं म्हणून इंग्लंडमध्ये कोणी सॉलिसिटर, म्हणजे तिथला वकील, होत नाही. तिथे २०२१ पासून एसक्यूई नावाची परीक्षा आहे, तिचे दोन टप्पे, शिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभव, शिवाय चारित्र्याची तपासणी. आणि महत्त्वाचं म्हणजे त्या परीक्षेला एलएलएम लागतच नाही, पदवी असली की झालं. पहिला टप्पा तर पीअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या परदेशातल्या सेंटरवरूनही देता येतो आणि इंग्लंडबाहेर केलेलं कायद्याचं कामसुद्धा अनुभवात धरतात, फक्त त्यावर तिथल्या सॉलिसिटरची सही लागते. इकडे भारतात वकिली करायला एलएलबी, बार कौन्सिलची सनद (वकिलीचा परवाना) आणि एआयबीई ही बारची परीक्षा पुरेशी, एलएलएमने सनदेत काही भर पडत नाही. एलएलएम वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, मला स्वतःला इंटरनॅशनल आर्बिट्रेशन (आंतरराष्ट्रीय लवाद) शिकायचं होतं आणि अजूनही शिकायचंय, पण ४० लाखांचं लोन "डायरेक्ट सॉलिसिटर"च्या हिशोबाने कोणी गळ्यात मारत असेल तर तिथूनच उठून बाहेर या.

पैसे एकदम मागितले नाहीत. आधी ४५,००० फाईल चार्ज. मग "लोन इन्शुरन्स" म्हणून ६०,०००, तेही सँक्शनच्या आधी. सिक्युरिटी म्हणून बाबांचे सही केलेले कोरे चेक. मग सँक्शन लेटर आलं, बँकेचा लोगो, शिक्का, सही, अगदी खऱ्यासारखं, घरात पेढे वाटले. आणि दुसऱ्याच दिवशी फोन, की आता युनिव्हर्सिटीचं डिपॉझिट भरायचंय, सीट जाईल, २ लाख ९५ हजार आमच्या करंट अकाउंटला टाका, आम्ही बल्कमध्ये भरतो म्हणून रेट चांगला मिळतो. पावती मिळाली ती त्यांच्याच लेटरहेडवर.

खरं डिपॉझिट विद्यार्थी युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवरून स्वतःच्या आयडीवर भरतो आणि पावती युनिव्हर्सिटीच देते, त्यानंतरच पुढे सीएएस, म्हणजे युनिव्हर्सिटीचं प्रवेश पक्का झाल्याचं पत्र, निघतो ज्याच्यावर व्हिसा अवलंबून असतो. सीएएस काही येईना, सर रोज म्हणायचे, "ताई, प्रोसेसमध्ये आहे." शेवटी मी अ‍ॅडमिशन ऑफिसला थेट मेल केला. उत्तर आलं की डिपॉझिट मिळालेलं नाही, ऑफरची मुदत संपली. बाबा लेटर घेऊन त्या शाखेत गेले, मॅनेजरबाईंनी नंबर सिस्टीमला टाकला, असा अर्जच नाही. माझ्या नावाने त्या बँकेत काहीही गेलं नव्हतं.

मधल्या काळात अजून एक ऑफर होती, ती मी ठामपणे नाकारली. सर म्हणाले की लोनचे पैसे यायला उशीर होतोय तर आपण २८ दिवस (व्हिसासाठी पैसे तेवढे दिवस खात्यात दाखवावे लागतात) तुमच्या खात्यात दुसऱ्याचा फंड पार्क करू, दीड टक्का घेऊ, व्हिसा झाला की पैसे परत. व्हिसा अर्जात अशी फसवेगिरी पकडली गेली तर दहा वर्षं इंग्लंडचा दरवाजा बंद होऊ शकतो, आणि पुढे बऱ्याच देशांच्या फॉर्ममध्ये "कधी व्हिसा नाकारला का" हे येतंच. वकिली करायची म्हणणाऱ्या मुलीच्या नावावर हा डाग लावायला ते सहज तयार होते!

पैसे परत मागितल्यावर त्या गोड बोलणाऱ्या सरांची भाषा बदलली, "काका, चेक आमच्याकडे आहेत, टाकू का बँकेत, १३८ लागेल." बाबा दोन रात्री झोपले नाहीत. पण १३८ म्हणजे चेक बाउन्सचं कलम, त्याला मुळात कायदेशीर देणं लागतं, आमचं देणं काहीच नव्हतं, म्हणून आम्ही बँकेला स्टॉप पेमेंट दिलं आणि त्यांना रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली की हे चेक तुम्ही सिक्युरिटी म्हणून घेतलेत आणि सेवा दिलेली नाही. त्यानंतर चेकचं नाव काढलेलं नाही.

पोलिसांत तक्रार दिली, फसवणूक म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आणि खोट्या लेटरसाठी बनावट दस्तऐवजाची कलमं. ऑनलाईन पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा, जितक्या लवकर तितकी रक्कम समोरच्या खात्यात अडकायची शक्यता जास्त, आमच्या वेळेपर्यंत ते खातं रिकामं झालं होतं. शिवाय जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकली आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही.

पैशाचे सरळ मार्ग आहेत, हे मात्र सांगायलाच हवं. विद्यालक्ष्मी या सरकारी पोर्टलवर लोनचा अर्ज स्वतः करता येतो. बँकेच्या एज्युकेशन लोनला कोर्स अधिक साधारण एक वर्ष हप्ता नसतो आणि व्याजावर जुन्या करप्रणालीत आठ वर्षांपर्यंत करसवलत मिळते. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची परदेशी शिष्यवृत्ती, दोन वर्षं काम झालेल्यांसाठी चेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती, जे. एन. टाटा एंडोमेंटचं लोन स्कॉलरशिप. चेव्हनिंगच्या अर्जाला एक रुपयाही लागत नाही, त्यामुळे त्यासाठी "फाईल चार्ज" मागणारा कोणासाठी मागतोय ते ओळखा.

मी सध्या शिवाजीनगर कोर्टात एका सिनियर मॅडमकडे ज्युनियर आहे आणि चेव्हनिंगसाठी अनुभव जमवतेय. त्या ऑफिसच्या बाहेर आमच्यासारखे अजून आई-वडील भेटले, काही जण समाजात नाव जाईल म्हणून गप्प बसलेत. त्यांना आणि तुम्हालाही सांगते, ग्राहक आयोगात जायला तक्रारीचं कारण घडल्यापासून दोनच वर्षं असतात, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप चॅट डिलीट करू नका, ट्रान्सफरचा यूटीआर नंबर (व्यवहाराचा क्रमांक) बँकेतून काढून घ्या, त्यांच्या लेटरहेडवरची पावती जपून ठेवा, आणि ही मुदत संपायच्या आत अर्ज टाका.