१८ किलोची ईपी-२ बादली: कुठे चालते, कुठे फसते

जालना असो की लातूर, बेअरिंगच्या दुकानात जाऊन "ग्रीस द्या" म्हटलं की काउंटरवरून दोनच प्रश्न येतात: पिवळं का लाल, आणि बादली का सुटं? रंगाला काडीचा अर्थ नाही. तो कंपनी ओळखीसाठी घालते, आणि एका कंपनीचं लाल दुसरीकडे निळं असतं. सुटं ग्रीस तर घेऊच नये. उघड्या बादलीतून काढलेल्या त्या गोळ्यात धूळ मिसळलेली असते, आणि बेअरिंगला धुळीएवढा दुसरा शत्रू नाही.

इथे परीक्षण आहे ते लिथियम ईपी-२ ग्रीसच्या १८ किलोच्या बादलीचं. ईपी म्हणजे जड दाब सहन करणारं, आणि २ हा घट्टपणाचा ग्रेड. गळीत हंगामातला साखर कारखाना, मानवत-सेलूकडच्या जिनिंग आणि वाळूजची वर्कशॉप, सगळीकडे हीच बादली दिसते. निकाल आधीच सांगतो: पंखे, कन्व्हेयर, एलिव्हेटर, गिअर्ड मोटारीचे बाहेरचे बेअरिंग ब्लॉक, ट्रॉलीची चाकं यांना ईपी-२ उत्तम. भट्टीजवळ, सततच्या पाण्यात आणि खाण्याच्या मालाजवळ मात्र ते वापरू नका.

आधी आत काय आहे ते बघू. ग्रीसमध्ये बहुतेक भाग तेलच असतं, साधारण ८० ते ९० टक्के. ते धरून ठेवतो एक साबण, आणि लिथियम ग्रीसमधला हा साबण मुळात एरंडेल तेलापासून बनतो. काम तेल करतं, साबण फक्त स्पंजासारखा ते थोडंथोडं सोडत राहतो. म्हणून डबा घेताना तीन गोष्टी बघा. एक, ग्रेड: घट्टपणा एनएलजीआय क्रमांकाने मोजतात, आणि एनएलजीआय २ म्हणजे २५ अंशांवर घोटलेल्या ग्रीसमध्ये ठरावीक वजनाचा शंकू २६५ ते २९५ एवढा रुततो, आणि हा आकडा मिलिमीटरच्या दहाव्या भागात असतो. दुकानदार ज्याला एपी-३ म्हणतात ते घट्ट असतं, २२० ते २५०. दोन, तेलाची जाडी: ४० अंशांवर १५० ते २२० सेंटीस्टोकच्या घरात हवी. बारीक तेलाचं ग्रीस संथ आणि जड बेअरिंगला पुरत नाही. तीन, वेल्ड लोड: म्हणजे ज्या दाबाखाली चार गोळ्यांच्या (फोर-बॉल) चाचणीत पोलादी गोळ्या एकमेकांना चिकटतात तो भार. ईपी म्हणवणाऱ्या ग्रीसचा हा आकडा २५० किलोच्या आसपास किंवा वर असावा. हे तिन्ही आकडे कंपनीच्या माहितीपत्रकावर, म्हणजे डेटा शीटवर असतात. शीट मागितल्यावर दुकानदार उडवाउडवी करू लागला तर बादली तिथेच ठेवा.

सर्वांत जास्त गैरसमज ड्रॉपिंग पॉइंटचा. शीटवर १९० अंश लिहिलेलं असतं, आणि फिटर समजतो की १९० पर्यंत चालेल. नाही. त्या तापमानाला साबण तेल सोडून देतो आणि पहिला थेंब गळतो, एवढाच त्याचा अर्थ. सतत कामाची मर्यादा १२० अंशांच्या आसपास धरावी. जालन्याच्या री-रोलिंग मिलमध्ये लाल सळईच्या बाजूच्या बेअरिंगला हे ग्रीस भरलं, तर आधी ते पातळ होऊन सीलमधून गळतं. मागे राहिलेलं तेल जळून काळा, डांबरासारखा कडक थर बनतो. मग नवीन ग्रीस कितीही मारलं तरी वाट बंद. तिथे लिथियम कॉम्प्लेक्स हे जास्त ताप सोसणारं ग्रीस घ्या, त्याचा ड्रॉपिंग पॉइंट २४० च्या वर असतो. रोलवर पाण्याचा मारा असेल तर कॅल्शियम सल्फोनेट हे पाण्यात टिकणारं ग्रीस घ्या. दोन्ही महाग पडतात, पण एका बेअरिंगच्या किमतीपुढे आणि थांबलेल्या मिलपुढे तो हिशेब जुळतो.

लातूरच्या डाळ मिलची गोष्ट वेगळी. डाळीच्या वाटेवर जिथे गळलेला थेंब मालात पडू शकतो, तिथे ईपी-२ नकोच. त्यातली गंधक-फॉस्फरसची रसायनं खाण्यासाठी नसतात. तिथे एच-१ नोंदणीचं, म्हणजे चुकून अन्नाला लागलं तर चालणारं, फूड ग्रेड ग्रीस लागतं. नुसतं पांढरं दिसलं म्हणजे फूड ग्रेड झालं असं नाही, डब्यावर एच-१ लिहिलेलं पाहिजे.

आता प्रमाण. बेअरिंग ग्रीस नसल्याने जातात, तशी ग्रीस कोंबल्यानेही जातात. "बाहेर येईपर्यंत मार" ही पद्धत संथ पिन-बुशला ठीक, वेगात फिरणाऱ्या बेअरिंगला घातक. जास्तीचं ग्रीस आत घुसळलं जातं, तापतं, तेल वेगळं होतं आणि सील बाहेर फेकलं जातं. पुन्हा भरायचं प्रमाण सोपं आहे: बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.००५. उत्तर ग्रॅममध्ये येतं. ब्लोअरवरचं २२२१६ बेअरिंग १४० बाय ३३ चं, म्हणजे साधारण २३ ग्रॅम. मोटारीतलं ६३०९ हे १०० बाय २५ चं, म्हणजे साडेबारा ग्रॅम. नवीन बेअरिंग बसवताना बेअरिंग पूर्ण भरा, पण हाउसिंगची, म्हणजे बेअरिंग बसतं त्या घराची, मोकळी जागा तिसऱ्या हिश्शापासून अर्ध्यापर्यंतच.

ग्रॅम मोजायचे कसे? ग्रीसगनचे दहा दांडे (दांडा एकदा दाबला की एक) कागदावर मारा आणि किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. बहुतेक गन एका दांड्याला एक ग्रॅमच्या आसपास देतात, पण प्रत्येक गन वेगळी असते. आलेला आकडा गनवरच मार्करने लिहून ठेवा. दांडा मोकळा जातोय असं वाटलं तर नळीत हवा धरली आहे: पुढचं तोंड थोडं ढिलं करून ग्रीस सलग येईपर्यंत मारा. हवेचे दांडे मोजले तर बेअरिंग उपाशी राहतं.

किती दिवसांनी भरायचं हे बेअरिंगच्या तापावर ठरतं. ७० अंशांच्या वर दर १५ अंशांना मुदत निम्मी होते. ७० ला ५०० तासांनी भरायचं असेल तर ८५ ला २५० तासांनी, १०० ला १२५ तासांनी. मे महिन्यात बाहेर ४२-४३ आणि वर पत्र्याचं शेड असतं, म्हणून हिवाळ्याचं वेळापत्रक उन्हाळ्यात चालत नाही. भरल्यावर ताप थोडा वाढतो आणि काही तासांत खाली येतो. आलाच नाही, तर ग्रीस जास्त झालं आहे.

मोटारींबाबत एक सूचना. अनेक मोटारी कारखान्यातून पॉलियुरिया ग्रीस भरून येतात, त्यात लिथियमचा साबण नसतो. त्यावर लिथियम मारलं तर दोघांचं मिळून पातळ पाणी होऊ शकतं. बेंटोनाइट, म्हणजे मातीवर बनलेल्या ग्रीसशीही तेच. लिथियम आणि लिथियम कॉम्प्लेक्स मात्र सहसा जमतात. आत काय आहे माहीत नसेल तर जुनं पूर्ण काढून, धुऊन, वाळवून मगच नवीन भरा. आणि मोटारीचा खालचा ड्रेन प्लग उघडल्याशिवाय गन लावू नका, ग्रीस वाइंडिंगवर जातं.

बादली उघडल्यावर वर तेलाचा पातळ थर दिसला की माल बनावट, असं सरसकट म्हणणं चूक. थोडं तेल सुटणं हा ग्रीसचा धर्म आहे. तेवढं परत ढवळून घ्या. वाटीभर तेल साचलं असेल किंवा खालचा गोळा कोरडा पडला असेल, तर बादली परत करा. ग्रीस काढताना मधे खड्डा करायची सवय असते, त्या खड्ड्यातच तेल साचतं. पट्टीने पृष्ठभाग सपाट करा, झाकण घट्ट लावा, आणि बादली पत्र्याखाली नाही, सिमेंटच्या खोलीत सावलीत ठेवा.

आता हाताचं बघू. ईपी-२ कातडीला लगेच चावत नाही, म्हणूनच लोक निष्काळजी होतात. रोज लागलं की पुरळ आणि खाज सुरू होते. रॉकेल, डिझेल किंवा थिनरने हात धुणं तर आणखी वाईट, कातडीचं नैसर्गिक तेलच निघून जातं. नायट्राइलचे (रबरासारखे) हातमोजे घाला, हात साबणाने नाहीतर हँड क्लीनरने धुवा, ग्रीसची चिंधी खिशात ठेवू नका. फिरत्या शाफ्टजवळ मात्र हातमोजा आणि चिंधी दोन्ही ओढले जातात. अशा ठिकाणी निप्पल (गन लावायचं तोंड) तांब्याच्या नळीने गार्डच्या बाहेर आणावी.

खरा धोका गनचा आहे. हाताची साधी गनसुद्धा काही हजार पीएसआय दाब काढते. निप्पल चोंदलेली असेल, नळीला बारीक चीर असेल आणि बोटाने गळती शोधली, तर ग्रीस सुईसारखं कातडीत घुसतं. बाहेर दिसतो फक्त टाचणीएवढा ठिपका, रक्तही फारसं येत नाही, सुरुवातीला दुखतही नाही. माणूस हळद लावून कामाला लागतो आणि काही तासांत बोट सुजून काळं पडतं. ही जखम पट्टीची नाही, ऑपरेशनची आहे. दाबू नका, शेकू नका, त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात न्या आणि ग्रीसची सुरक्षा शीट सोबत द्या. "ग्रीस दाबाने आत गेलंय" हे शब्द डॉक्टरला स्पष्ट सांगा.

जिनिंगमध्ये बेअरिंगबाहेर आलेलं ग्रीस रोज पुसावं. त्यावर रुई बसते, नमद्यासारखा थर होतो, आणि गरम ब्लॉकवर तीच वात बनते. विझवायला ड्राय पावडर किंवा फोम वापरा, पाण्याचा फवारा नाही. गॅस कटिंगच्या ऑक्सिजन सिलेंडरच्या व्हॉल्व्हला ग्रीसचा हात कधीच लागू देऊ नका. तिथे ठिणगी नसतानाही पेट घेऊ शकतो.

काढलेलं जुनं ग्रीस नाल्यात टाकू नका, उकिरड्यावर जाळू नका. २०१६ च्या घातक कचरा नियमांत तेलकट गाळ येतो, तो मंजुरी असलेल्या उचल करणाऱ्यालाच द्यावा लागतो. रिकामी बादली दिसायला मजबूत असते, म्हणून ती घरी जाते आणि तिच्यात पिण्याचं पाणी भरलं जातं. तळाला दोन मोठी भोकं पाडून मगच ती भंगारात द्या.