ग्राउलरचा वॉशर आणि कोपऱ्यावरची लागर : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

एप्रिलमधल्या एका शनिवारी, आयपीएलचा सामना सुरू व्हायला दहा मिनिटे असताना मी फ्रिजमधून ग्राउलर, म्हणजे ताजी बिअर भरून आणायची एक लिटरची मोठी बाटली, काढला, तारेची कडी अंगठ्याने वर ढकलली आणि झाकण निघाले. पण वायू सुटल्याचा आवाज आला नाही. ज्यांनी ग्राउलर वापरला आहे त्यांना त्या आवाजाचे मोल सांगायला नको. गव्हाच्या बिअरवर बोटभर फेस यायला हवा होता, तिथे ग्लासाच्या कडेने चार बुडबुडे फिरले आणि विरून गेले. केळ्याचा आणि लवंगेचा वास जागेवर होता, परंतु वायू निघून गेलेली गव्हाची बिअर जिभेवर पिठूळ लागते आणि दुसरा घोट घ्यावासा वाटत नाही. घरी मेहुणे आणि त्यांचे दोन मित्र आले होते. कोणी काही बोलले नाही, हे मला जास्त लागले. शेवटी मेहुणेच खाली गेले आणि कोपऱ्यावरच्या बिअर शॉपीतून किंगफिशरच्या तीन थंडगार बाटल्या घेऊन आले. त्या बाटल्यांबरोबर सामना उत्तम पार पडला, आणि ५२० रुपयांची एक लिटर क्राफ्ट बिअर मी मोरीत ओतली.

मागच्या ऑक्टोबरपासून मी दोन्ही प्रकारची बिअर, म्हणजे छोट्या ब्रूअरीतून ग्राउलरमध्ये भरून आणलेली ताजी क्राफ्ट बिअर आणि दुकानातल्या बाटलीतली फिकट सोनेरी लागर, घरी नेमाने आणत आहे आणि त्याची नोंद एका वहीत ठेवत आहे. माझे पिणे सहज बसण्याचे असते : गुरुवारी ऑफिस आटोपल्यावर गच्चीत एक ग्लास, सामन्याच्या दिवशी दोन, रविवारी जेवणाआधी कधीतरी एक. पार्टीचा किंवा बाहेर जेवायला जाण्याचा हिशेब इथे नाही. या आठ महिन्यांत एकूण १७ ग्राउलर झाले आणि ६५० मिलिलिटरच्या साध्या माइल्ड लागरच्या ४० च्या आसपास बाटल्या झाल्या. मला बाटली १८५ रुपयांना मिळते, म्हणजे लिटरला साधारण २८५ रुपये पडतात. ग्राउलर भरून घ्यायला ५२० लागतात. हीच क्राफ्ट बिअर तिथे बसून प्यायली, तर ३३० मिलिलिटरचा ग्लास, त्यावरचा व्हॅट आणि सेवाशुल्क धरून लिटरचा भाव हजाराच्या वर जातो. त्यामुळे ग्राउलर हा मला मधला, शहाणपणाचा मार्ग वाटला होता.

सुरुवातीचे चार महिने माझे मत ठाम होते की एकदा क्राफ्ट बिअर प्यायल्यावर साध्या लागरकडे परत जाण्यात अर्थ नाही. पुण्यात राहणाऱ्याला असे वाटणे स्वाभाविक आहे. २००९ मध्ये डूलाली या स्वतःची बिअर बनवणाऱ्या ब्रूअरीने इथे सुरुवात केली, आणि त्यानंतर मुंढवा, कोरेगाव पार्क, बाणेर, बालेवाडी या पट्ट्यात ताजी बिअर नळातून मिळू लागली. ग्रेट स्टेट एलवर्क्स या पुण्यातल्या ब्रूअरीने कोकम आणि मीठ घालून एल (बिअरचाच एक प्रकार) केली, तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता, कारण बिअरला आपल्याकडच्या आंबट चवीशी जोडण्याचा विचार कोणाला तरी सुचला होता. माझ्या वहीत नोव्हेंबर ते जानेवारीच्या पानांवर जवळजवळ प्रत्येक ग्राउलरपुढे ‘उत्तम’ असे लिहिलेले आहे. ते दिवस थंडीचे होते, ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही.

मोरीत ओतलेल्या त्या लिटरनंतर सोमवारी मी रिकामा ग्राउलर घेऊन जिथून तो भरला होता तिथे गेलो. व्यवस्थापकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “सर, घरी एकदा उघडून परत ठेवला असेल.” मी तो उघडला नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी भरला, शनिवारी संध्याकाळी उघडला, मध्ये एकच रात्र गेली होती. त्यांनी पुढच्या भरण्यावर १० टक्के सवलत देऊ केली, जी मी नाकारली, कारण माझे म्हणणे सवलतीचे नव्हतेच. ग्राउलरच्या गळ्यात अडकवलेल्या चिठ्ठीवर पेनाने बिअरचा प्रकार लिहिलेला होता, भरल्याची तारीख मात्र कुठेही नव्हती. १८५ रुपयांच्या बाटलीवर उत्पादनाची तारीख असते, सहा महिन्यांची मुदत असते, बॅच क्रमांक असतो. न गाळलेली, पाश्चरीकरण न केलेली, जिवंत यीस्ट असलेली बिअर, जी दोन-तीन दिवसांत संपवायला हवी, तिच्यावर मात्र तारीख नाही. हा आक्षेप मी आजही मागे घेतलेला नाही. वाद तिथे मिटला नाही आणि पैसेही परत मिळाले नाहीत.

घरी आल्यावर मी तो ग्राउलर पहिल्यांदा नीट पाहिला. माझा ग्राउलर तपकिरी काचेचा, चिनी मातीच्या झाकणाचा आणि तारेच्या कडीचा आहे, आणि त्या झाकणाखाली नारिंगी रबराचा एक वॉशर बसवलेला असतो. इतक्या महिन्यांत मी काच शेकडो वेळा पाहिली असेल, वॉशर एकदाही पाहिला नव्हता. तो काढला तेव्हा दिसले की रबर एका बाजूला चपटे झाले आहे, आणि कडीची बिजागरी जिथे येते त्या बाजूला केसाएवढी भेग आहे. भेगेत काळसर, चिकट थर साचला होता. नखाने वाकवल्यावर भेग उघडत होती आणि सोडल्यावर मिटत होती, म्हणून नुसत्या नजरेला ती कधी दिसलीच नसती. मग मी अर्धा लिटर थंड सोडा ग्राउलरमध्ये ओतला, कडी लावली आणि तो बादलीतल्या पाण्यात उलटा धरला. बिजागरीच्या बाजूने बारीक बुडबुड्यांची एक माळ वर येऊ लागली. दर दोन-तीन सेकंदांना एक, अगदी नियमित. माझे ५२० रुपये याच वाटेने गेले होते.

दुसऱ्या दिवशी जुना वॉशर खिशात घालून मी बोहरी आळीत गेलो. तिसऱ्या दुकानात तसाच वॉशर मिळाला. दुकानातल्या काकांनी जुना वॉशर बोटांत फिरवला आणि विचारले, “उकळत्या पाण्याने धुता का? आणि रिकामा असताना कडी लावून ठेवता ना?” दोन्ही प्रश्नांचे उत्तर होय असे होते. त्यांनी समजावले की रबर सतत दाबाखाली राहिले की त्याचा फुगीरपणा जातो, उकळत्या पाण्याने ते कडक होते, आणि मग ते जिथे सर्वांत जास्त वाकते तिथेच फाटते. कुकरच्या रिंगला आपण जसे जपतो तसेच यालाही जपायला हवे. खाद्यपदार्थांना चालणाऱ्या सिलिकॉनचे चार वॉशर त्यांनी ६० रुपयांना दिले. म्हणजे चूक बऱ्याच अंशी माझी होती, हे मला मान्य करावे लागते. मात्र ग्राउलर विकताना ही दोन वाक्ये मला कोणी सांगितली असती, तर ती चूक झाली नसती.

नवा वॉशर बसवून तीच सोड्याची परीक्षा घेतली, तासभर एकही बुडबुडा आला नाही. मे महिन्यात त्यानंतर तीन ग्राउलर भरून आणले आणि मुद्दाम एक दुसऱ्या दिवशी, एक तिसऱ्या दिवशी आणि एक चौथ्या दिवशी उघडला. पहिल्या दोन्हींना झाकण निघताना तो आवाज आला आणि फेसही बोटभर आला. चौथ्या दिवशीच्या ग्राउलरला फेस अर्ध्या पेराएवढाच होता, पण बिअर पिण्याजोगी, किंबहुना चांगली होती. म्हणून क्राफ्ट बिअर घरी आणण्याविषयीचे माझे एप्रिलमधले कडवट मत मी इथे बदलत आहे. आठ महिन्यांत ज्या पाच ग्राउलरांपुढे मी ‘मवाळ’ असा शेरा लिहिला होता, त्यांतले चार मार्च-एप्रिलमधले आहेत, आणि आता मला खात्री वाटते की त्यांत बिअर बनवणाऱ्याचा दोष नव्हता.

उन्हाळ्याचा संबंध असा आहे. वायू थंड द्रवात विरघळलेला राहतो आणि द्रव तापला की बाहेर पडून झाकणाखाली दाब वाढवतो. वॉशर धडधाकट असेल तर तो वायू तिथेच अडून राहतो आणि बिअर पुन्हा गार झाल्यावर बराचसा परत विरघळतो. वॉशर फाटलेला असेल तर तो निघून जातो. माझे ऑफिस बाणेरला आहे आणि घर कर्वेनगरला, म्हणजे संध्याकाळच्या गर्दीत चाळीस मिनिटे लागतात. ती चाळीस मिनिटे ग्राउलर स्कूटरच्या डिकीत असायचा, आणि डिकीच्या खाली इंजिन असते. एप्रिलमध्ये घरी पोहोचल्यावर काच हाताला चक्क कोमट लागत असे. आता मी बर्फाच्या दोन पाकिटांसह जाड कापडी पिशवी पुढे पायांपाशी ठेवतो, आणि ग्राउलर थेट फ्रिजमध्ये, उभा ठेवतो. ज्यांच्या घरापासून बिअर भरून मिळण्याची जागा अर्ध्या तासापेक्षा लांब आहे आणि ज्यांना एवढी उठाठेव नको आहे, त्यांनी उन्हाळ्यात ग्राउलरच्या वाटेला जाऊ नये असे मी स्पष्टपणे सांगेन.

साध्या लागरविषयी बोलताना लोकांच्या स्वरात जी तुच्छता येते ती मला आता पटत नाही. आज जगभर जी फिकट सोनेरी लागर प्यायली जाते तिचा उगम १८४२ साली बोहेमियातल्या (आताच्या चेक प्रजासत्ताकातल्या) प्लझेनला योसेफ ग्रोल यांनी केलेल्या बिअरमध्ये आहे, आणि थंडाव्यात आठवडेच्या आठवडे मुरवण्याची ती पद्धत मुळीच सोपी नाही. फळे, मसाले किंवा भरपूर हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) घातले की बारीक दोष झाकले जातात. फिकट लागरमध्ये ते झाकायला जागाच नसते. आपल्याकडच्या स्वस्त लागरमध्ये बार्लीबरोबर तांदूळ, मका किंवा साखर वापरतात, त्यामुळे ती अंगाने हलकी होते आणि माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीची, चव कमी लागते हे खरे आहे. परंतु मे महिन्यातल्या संध्याकाळी, खारे शेंगदाणे आणि कांदा-टोमॅटो घातलेला मसाला पापड समोर असताना, मला हलकेपणाच हवा असतो. त्या वेळी केळ्याच्या वासाची दाट गव्हाची बिअर मला जड वाटते. स्ट्राँग, म्हणजे जास्त मद्यार्काची बिअर मात्र मी घेत नाही. जवळजवळ तेवढ्याच पैशांत जास्त नशा, हा हिशेब मेहुण्यांच्या मित्रांनी मला अनेकदा सांगितला. पण दुसऱ्या दिवशी ऑफिस असणाऱ्या माणसाच्या तो उपयोगाचा नाही, आणि तिचा गोडसर जाडेपणा दुसऱ्या ग्लासाला नकोसा होतो.

लागरनेही मला दोनदा फसवले, आणि दोन्ही वेळा कारण दुकानात होते. एकदा हिरव्या काचेची बाटली मी दर्शनी फळीवरून उचलली, जिथे दुपारचे ऊन थेट पडते. उघडल्यावर जळक्या रबरासारखा, उग्र वास आला. हॉप्समधल्या कडू घटकांवर प्रकाश पडला की गंधक असलेले एक संयुग तयार होते आणि त्याचा वास अत्यल्प प्रमाणातही नाकाला कळतो. तपकिरी काच तो प्रकाश बऱ्याच अंशी अडवते, हिरवी फारसा अडवत नाही, आणि कॅनमध्ये तो शिरतच नाही. दुसऱ्या वेळी तपकिरी बाटली पाच महिने जुनी निघाली आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली. मुदत संपलेली नव्हती, पण फ्रिजबाहेर, उकाड्यात काढलेले पाच महिने चवीला भोवतात. तेव्हापासून मी फ्रिजच्या आतल्या रांगेतून, दोन महिन्यांच्या आतली तारीख वाचूनच बाटली किंवा कॅन घेतो. सुरुवातीला दुकानदार वैतागत असत, आता ते स्वतःच तारीख पाहून काढून देतात.

सध्या माझ्या घरी गुरुवारसाठी आणि सामन्यासाठी साधी लागर असते, कारण ती अर्धी प्यायची आणि अर्धी ठेवायची असा प्रश्न एका बाटलीला येत नाही. ग्राउलर मी महिन्यातून दोनदा आणतो, तोही घरात दोघे-तिघे असतील आणि एका बैठकीत संपणार असेल तेव्हाच; एकदा उघडलेला ग्राउलर झाकून ठेवला तर कितीही चांगला वॉशर असला तरी वरच्या मोकळ्या जागेत वायू निघून जातो आणि दुसऱ्या दिवशी उरलेली बिअर मवाळच निघते. कोकमाची एल मात्र मी तिथे जाऊन, नळावरची, एकच ग्लास पितो आणि तिचे पैसे देताना मला वाईट वाटत नाही.

मागच्या आठवड्यात मेहुण्यांचा ग्राउलर पाहिला. त्यांनी तो माझ्याबरोबरच, त्याच दिवशी घेतला होता, आणि त्यांच्या वॉशरलाही अगदी त्याच जागी, बिजागरीच्या बाजूला, तशीच भेग गेली होती. त्यांना ती ठाऊकच नव्हती. ज्यांच्याकडे तारेच्या कडीचा ग्राउलर आहे त्यांनी पुढच्या वेळी भरायला नेण्याआधी वॉशर काढून त्या बाजूचे दोन सेंटीमीटर नखाने वाकवून पाहावेत, आणि नवा वॉशर आणायला जाताना जुना बरोबर न्यावा, कारण दोन मिलिमीटर लहान वॉशरही बसल्यासारखा दिसतो आणि गळतो.