सीमध्ये फाइल ओळीओळीने वाचायची आहे: एफगेट्स घ्यावं की गेटलाइन?

सीमध्ये फाइल उघडून एकेक ओळ वाचायची म्हटली की पाच-सहा फंक्शनं समोर येतात. त्यातली दोन लगेच बाद करता येतात, एक खास कामासाठी राखून ठेवता येतं आणि खरी निवड उरते ती एफगेट्स आणि गेटलाइन यांच्यात. वेग, सोय, कोड किती लांबतो हे सगळं नंतर बघा. आधी एवढंच ठरवा: ओळ तुमच्या अंदाजापेक्षा मोठी निघाली, तर प्रोग्रॅमने काय करायचं?

बाद होणाऱ्यांत पहिलं गेट्स. आपल्याकडे टर्बो सीवर प्रॅक्टिकलं केलेल्या पिढ्यांच्या बोटांत ते अजून आहे. मुळात ते फक्त स्टँडर्ड इनपुटवरून (सहसा कीबोर्ड) वाचतं, आणि तुमचा अ‍ॅरे केवढा आहे हे त्याला सांगायची सोयच नाही. समोरून येईल तेवढं ते आत भरत जातं. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म या नेटवर्कवर पसरणाऱ्या प्रोग्रॅमने याचाच फायदा घेतला: मशीनवर कोण आहे ते सांगणाऱ्या फिंगर सेवेतल्या ५१२ बाइटांच्या अ‍ॅरेत त्याने ५३६ बाइट ढकलले आणि फंक्शन संपल्यावर कुठे परतायचं तो पत्ता बदलून मशीनचा ताबा मिळवला. शेवटी २०११ च्या सी मानकातून गेट्स काढून टाकलं. जुन्या जर्नलमध्ये दिसलं तर तिथेच राहू द्या.

दुसरं एफस्कॅनएफ. मजकुरासाठीचा पर्सेंट-एस फॉरमॅट दिला तर ते पहिल्या स्पेसला थांबतं, म्हणजे ओळ नाही, शब्द वाचतं. न्यूलाइन (ओळ संपल्याची खूण) येईपर्यंत वाचणारा कंसातला फॉरमॅट दिला, तर रिकामी ओळ आली की काहीच जुळत नाही आणि वाचन तिथेच अडून बसतं. रुंदी दिली नाही, तर धोका गेट्सएवढाच. आकडे वाचायला ठीक आहे, पण ओळी वाचायचं ते हत्यार नव्हे.

आता मुद्द्याचं. एफगेट्सला तीन गोष्टी द्यायच्या: अ‍ॅरे, त्याचा आकार आणि स्ट्रीम, म्हणजे उघडलेली फाइल. आकार ३२ सांगितला तर ते जास्तीत जास्त ३१ बाइट वाचतं आणि शेवटी मजकूर संपल्याची खूण म्हणून शून्य बाइट स्वतः लावतं. न्यूलाइन मिळाली तर ती टाकून न देता अ‍ॅरेतच ठेवतं. नवख्यांना याचा राग येतो, पण ओळ पूर्ण आली की अर्धी, हे सांगणारी तीच एक खूण आहे. न्यूलाइन नसेल तर दोनच शक्यता: एक तर ओळ अ‍ॅरेत मावली नाही, नाहीतर ती फाइलची शेवटची ओळ आहे आणि लिहिणाऱ्याने एंटर दाबलेलं नाही.

मराठी मजकूर वाचणाऱ्याने इथे जरा थांबावं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त हीही वेगळी चिन्हंच. ‘महाराष्ट्र’ या शब्दात अशी १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट. न्यूलाइन आणि शून्य बाइट धरून ३२ च्या अ‍ॅरेत तो नेमका बसतो. अ‍ॅरे ३१ चा केला तर शब्द पूर्ण येतो, पण न्यूलाइन स्ट्रीममध्ये मागे राहते. पुढच्या वेळी एफगेट्स ती एकटीच आणून देतं आणि फाइलमध्ये नसलेली रिकामी ओळ तुमच्या प्रोग्रॅमला दिसते. उलट ३२ च्याच अ‍ॅरेत ‘महाराष्ट्रात’ वाचायला गेलात, तर ३६ पैकी ३१ बाइट येतात: दहा चिन्हं पूर्ण आणि अकराव्या चिन्हाचा, म्हणजे कान्याचा, पहिला बाइट. तेवढंच छापलं तर पडद्यावर प्रश्नचिन्हाचा चौकोन किंवा तसलंच काहीतरी उमटतं. इंग्रजी मजकुरावर महिनोन्‌महिने बिनबोभाट चाललेला कोड मराठी नावांची यादी दिली की फसतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. ‘ऐंशी अक्षरांची ओळ’ या हिशेबाने अ‍ॅरे घेणाऱ्याला प्रत्यक्षात सव्वीसच चिन्हं मिळतात.

गेटलाइनमध्ये ही कटकट नाही. ते मुळात ग्नू लायब्ररीतलं, युनिक्ससारख्या सिस्टिमांसाठीच्या पॉझिक्सने २००८ च्या मानकात घेतलं. पॉइंटर नल ठेवायचा, आकार शून्य ठेवायचा, दोन्हींचे पत्ते द्यायचे. जागा ते स्वतः घेतं आणि ओळ मोठी निघाली तर वाढवतं. ग्नूच्या अंमलबजावणीत सुरुवात १२० बाइटांनी होते आणि कमी पडलं की जागा किमान दुप्पट केली जाते. ओळीची लांबी परत मिळते, त्यामुळे लांबी मोजणारं वेगळं स्ट्रलेन नको. मजकुरात मध्येच शून्य बाइट असला तरी लांबी बरोबरच येते. एफगेट्सच्या बाबतीत स्ट्रलेन तिथेच अडतं.

पण फुकट काहीच नाही. गेटलाइन तीच जागा पुन्हा पुन्हा वापरतं. ओळी साठवायच्या म्हणून त्याने दिलेले पॉइंटर यादीत टाकत गेलात, तर शेवटी यादीतले बरेचसे पॉइंटर एकाच, शेवटच्या ओळीकडे बोट दाखवतात. आणि मधे जागा हलली असेल तर काही पॉइंटर मोकळ्या केलेल्या जागेकडे. साठवायचं असेल तर प्रत्येक ओळीची प्रत करून घ्या. दुसरं म्हणजे, फाइल संपली की उत्तर उणे एक येतं. ते अनसाइन्ड (उणे आकडे न धरणाऱ्या) चलात घेऊन ‘शून्यापेक्षा मोठं आहे का’ असं तपासलं, तर उणे एकचा अवाढव्य आकडा होतो आणि लूप संपतच नाही. तिसरं, वाचन फसलं तरी जागा फ्री करायची जबाबदारी तुमचीच.

सर्वांत मोठा प्रश्न विश्वासाचा. न्यूलाइन नसलेला दोन जीबीचा मजकूर कुणी पाठवला, तर गेटलाइन तेवढी मेमरी मागत सुटतं. फाइल तुमचीच असेल तर हरकत नाही. नेटवर्कवरून किंवा अनोळखी माणसाकडून येत असेल, तर मी मर्यादा घालून एफगेट्सच घेईन: ४ केबीचा अ‍ॅरे, त्यात न मावलेली ओळ म्हणजे चूक, उरलेला भाग न्यूलाइनपर्यंत वाचून फेकायचा आणि ओळ क्रमांकासह तक्रार नोंदवायची. छोट्या बोर्डांवरच्या कोडमध्ये मॅलॉक (चालता चालता मेमरी मागणं) टाळतातच, तिथेही एफगेट्स. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरसोबतच्या लायब्ररीत गेटलाइन नाहीच, त्यामुळे विंडोजवरही तोच कोड चालायला हवा असेल तर वादच मिटला. बाकी लिनक्सवर लॉग, सीएसव्ही, शब्दयाद्या वाचायच्या असतील, जिथे ओळ पूर्णच हवी, तिथे डोळे झाकून गेटलाइन.

वेगाची चिंता सहसा फुकाची असते. स्ट्रीमला स्वतःचा बफर, म्हणजे तात्पुरती साठवण, असतो. लिनक्सवर फाइलसाठी तो साधारणपणे ४,०९६ बाइटांचा. डिस्ककडे खेप होते ती तो बफर भरायला, प्रत्येक ओळीला नव्हे. तुमचा अ‍ॅरे हा त्यापुढचा, वेगळा. दोन्ही फंक्शनं या बफरमध्ये न्यूलाइन शोधून तुकडाच्या तुकडा उचलतात, म्हणून फरक फारसा जाणवत नाही. गेटसीने एकेक बाइट वाचणारा लूप मात्र मागे पडतो, कारण बहुधा प्रत्येक बाइटला स्ट्रीमचं कुलूप तपासावं लागतं. तो राखून ठेवा अशा कामासाठी, जिथे ओळीची व्याख्याच वेगळी आहे: अवतरणचिन्हांत एंटर असलेली सीएसव्ही, किंवा अर्धविरामाने संपणाऱ्या नोंदी. तिथे परत येणारं मूल्य इंटमध्येच घ्या. कॅरमध्ये घेतलं तर इंटेल मशीनवर २५५ किमतीचा बाइट आला की फाइल संपल्यासारखं वाटतं आणि एआरएमवरच्या लिनक्समध्ये ती कधी संपतच नाही.

काहीही निवडलंत तरी लूपची अट म्हणून ‘फाइल संपली का’ विचारणारं एफईओएफ लावू नका. शेवट आला हे वाचून फसल्यावरच कळतं, त्यामुळे शेवटची ओळ दोनदा छापली जाते. वाचणाऱ्या फंक्शनचं उत्तर हीच अट. आणि विंडोजवर बनलेली फाइल लिनक्सवर वाचताना न्यूलाइनच्या आधी कॅरेज रिटर्न हा आणखी एक न दिसणारा बाइट उरतो. ओळीचं शेपूट कापताना दोन्ही कापा, नाहीतर ‘पुणे’ आणि ‘पुणे’ दिसायला सारखे असूनही तुलना करणारं स्ट्रसीएमपी त्यांना वेगळे ठरवेल.