पुणे–नागपूर विमानाने: आठ महिन्यांनंतरचा हिशोब

आईबाबा नागपूरला, मी कोथरूडला. त्यामुळे डिसेंबरपासून महिन्यातून एकदा तरी विमानाने चक्कर होते, त्याआधी ट्रॅव्हल्सच. तिकिटावर दीड तास लिहिलेलं असतं, त्यालाच भुललो खरं सांगायचं तर.

सरळ रेषेत अंतर जेमतेम ६०० किमी. रस्त्याने ७०० च्या वर, आणि रेल्वेने ८८१, कारण गाडी दौंडवरून आधी वर मनमाडला जाते आणि मग भुसावळ, अकोला, वर्धा करत येते. ऑगस्ट २०२५ मध्ये वंदे भारत सुरू झाली, तिलाही १२ तास लागतात आणि तेही बसून, माझ्या कमरेला नाही झेपत ते.

आता विमानाचं. हवेत आपण तासभरच असतो, बाकीचा वेळ जागेवरून निघून रनवेपर्यंत सरकण्यात आणि उतरल्यावर परत जागेवर येण्यात जातो, तोही त्या दीड तासात धरलेला असतो. येताना मला दहाएक मिनिटं जास्त लागायची, विशेषतः जानेवारीत. हिवाळ्यात वर पश्चिमेकडून जोराचं वारं असतं, नागपूरला जाताना ते पाठीशी आणि पुण्याला येताना तोंडावर.

पण खरा वेळ खातं ते पुणं! संध्याकाळी कोथरूड ते लोहगाव कॅबने सव्वा तास धरायचाच, पाऊस असेल तर देवाचं नाव घ्यायचं. मी आता वनाझवरून मेट्रोने रामवाडीला उतरतो आणि पुढे रिक्षा करतो, रिक्षावाला मीटरने येईल ही आशा सोडून. सकाळच्या पहिल्या विमानाला मात्र मेट्रो कामाची नाही, ती सहाला सुरू होते. चेक-इन बॅग असेल तर काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणून मी पाठीवरच्या सॅकवर भागवतो. जुलै २०२४ पासूनचं नवं टर्मिनल ऐसपैस आहे, तिथे तक्रार नाही. नागपुरात उलट, सोनेगाववरून प्रतापनगरला बाबा स्कूटरवर पंधरा मिनिटांत आणतात.

एकूण घर ते घर पावणेपाच तास, सगळं वेळेवर असेल तर. मे महिन्यात एकदा दारं लावून चाळीस मिनिटं तसेच बसवून ठेवलं, एसी धड नाही, कोणी काही सांगेना, तेव्हा ट्रॅव्हल्सची आठवण झाली. तिला बारा-तेरा तास लागतात पण ते झोपेत जातात, विमान दुपारचं असेल तर आख्खा दिवस मोडतो. म्हणून मी फक्त पहाटेचं किंवा रात्रीचंच घेतो, स्वस्त असलं तरी दुपारचं नाही.

दिवाळीचं तिकीट मात्र ट्रॅव्हल्सचं काढलंय. विमानाचं भाडं ऐकून बाबा म्हणाले, "काय बाप्पा, एवढ्यात इथे फ्रिज येते."