दाढ दाखवायला गेलो आणि झोपेचा आजार सापडला

पुण्यातल्या आमच्या डेंटल क्लिनिकबद्दल लिहायचंच होतं. ह्यांना रूट कॅनालसाठी नेलं होतं, डॉक्टरबाई दाढा बघता बघता थांबल्या आणि विचारलं रात्री घोरता का, सकाळी डोकं जड असतं का, कारण दाढा झिजलेल्या, जिभेच्या कडेला दातांचे वळ. मला तर रडूच आलं, दोन वर्षं मी रात्री उठून ह्यांचा श्वास चालू आहे ना बघत होते, घोरणं मध्येच बंद व्हायचं आणि मग एकदम गुदमरल्यासारखे दचकून उठायचे.

मला सगळ्यात आवडलं म्हणजे बाईंनी लगेच काही विकलं नाही, आधी झोपेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेत श्वास तपासणाऱ्या टेस्टमध्ये, तासाला १८ वेळा श्वास अडतोय असं आलं, म्हणजे मध्यम, ३० च्या वर गेलं की गंभीर. झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणाऱ्या सीपॅप मशीनचा मास्क ह्यांना झेपेचना, मग त्याच डॉक्टरांच्या सांगण्यावरून बाईंनी दातांचं माप घेऊन खालचा जबडा थोडा पुढे धरून ठेवणारं उपकरण बनवलं, त्याने जीभ मागे पडत नाही आणि श्वासाची वाट मोकळी राहते.

पहिले १५ दिवस जबडा दुखला, लाळ खूप यायची. स्वस्त नाहीये, वेटिंगही फार. पण उपकरण घालून परत टेस्ट केली तर आकडा ६!

टेस्ट न करता घोरण्यासाठी दातांवर लावायचा गार्ड ऑनलाइन मागवू नका प्लीज.

परवा नाशिकपर्यंत गाडी ह्यांनीच चालवली, एकदाही डोळा लागला नाही.