डॉलर उतरायची वाट बघू, की आजच मागवू? परदेशी दुकानातून मागवायच्या वाटांची तुलना

"ताई, डॉलर नव्वदीच्या वर गेलाय. थोडं थांबू का?"

दादरला शनिवारी आमचा सुलेखनाचा वर्ग असतो, तिथे एका मुलीनं हे विचारलं. लालबागहून येते, नुकती नोकरीला लागली आहे. पहिल्या चार पगारांतून बाजूला टाकलेल्या पैशांत तिला नीट सामान घ्यायचं आहे. तिच्या वहीत तीन याद्या होत्या. जपानहून सपाट टोकाची पेनं आणि शाई, इंग्लंडहून निब, अमेरिकेहून कागद. गेली बारा वर्षं मी हे सामान मागवते आहे आणि तिचा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. या वेळी कागद घेऊन तिच्याबरोबर पूर्ण हिशेबच मांडला. तो इथे देते, कारण यात पैसे जातात ते भलतीकडूनच.

अमेरिकेच्या कागदापासून सुरुवात करू. २०० डॉलरची ऑर्डर, आणि हिशेब सोपा व्हावा म्हणून दर ९० रुपये धरू. हीच ऑर्डर चार तऱ्हांनी भरली तर काय होतं ते बघा.

| पैसे कसे भरले | खिशातून गेले (रुपये) |
|---|---|
| मार्कअप नसलेलं कार्ड, डॉलरमध्ये | १८,००० |
| २ टक्के मार्कअपचं कार्ड, डॉलरमध्ये | १८,४२५ |
| ३.५ टक्के मार्कअपचं कार्ड, डॉलरमध्ये | १८,७४३ |
| दुकानाच्या पानावरच 'रुपयांत भरा' निवडलं | १९,१२३ |

मार्कअप म्हणजे परकीय चलनातल्या व्यवहारावर बँक लावते तो आकार. आपल्याकडच्या बऱ्याच साध्या क्रेडिट कार्डांवर तो ३.५ टक्के असतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे एकूण ४.१३ टक्के.

आता दराकडे या. डॉलर एक रुपयानं महागला की पेपरात मथळा येतो. या ऑर्डरवर त्या मथळ्याची किंमत २०० रुपये. तक्त्यातल्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीतला फरक मात्र १,१२३ रुपयांचा आहे. नुसत्या दरानं एवढा फटका बसायचा तर डॉलर ९० वरून साडेपंच्याण्णवच्या पुढे जायला हवा. डिसेंबर २०२४ मध्ये डॉलरनं पहिल्यांदा ८५ ओलांडले आणि नव्वदी गाठायला पुढचा डिसेंबर उजाडला. म्हणजे पाच रुपये चढायला त्याला वर्ष लागलं. तेवढंच नुकसान आपण चुकीच्या बटणावर बोट ठेवून एका क्षणात करून घेतो.

त्या बटणाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण त्यानं मी स्वतः पोळले आहे. पैसे भरायच्या पानावर 'तुमच्या चलनात भरा, नेमकी रक्कम आत्ताच कळेल' असं लिहिलेलं असतं. समोर रुपयांतला आकडा दिसतो आणि आपल्याला हायसं वाटतं. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. यात दर तुमची बँक ठरवत नाही आणि व्हिसा-मास्टरकार्डही ठरवत नाहीत. तो ठरवते दुकानदाराची पैसे गोळा करणारी कंपनी, आणि आपलं कमिशन ती त्या दरातच मिसळून टाकते. तक्त्यात मी ते ५ टक्के धरलं आहे. वेगवेगळ्या दुकानांत ते कमी-जास्त असतं, म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून भागाकार करून बघायचा.

बरं, रुपयांत भरलं म्हणजे बँकेचा आकार तरी वाचला, असं वाटेल. तोही वाचत नाही. दुकान परदेशात नोंदलेलं असेल तर रुपयांतल्या व्यवहारावरही बऱ्याच बँका सुमारे १ टक्का आणि वर जीएसटी लावतात. तक्त्यातल्या शेवटच्या ओळीत तोही धरला आहे. तीन वर्षांपूर्वी मी एका शाईच्या ऑर्डरचे पैसे रुपयांत भरले. महिनाअखेरीस स्टेटमेंटवर ती वेगळी ओळ दिसली आणि बँकेत फोन केल्यावर हा नियम कळला. बँकेच्या दरपत्रकात तो छापलेला होता, माझ्या वाचनात आला नव्हता. बटणाचा एकच फायदा मला दिसतो. ऑफिसात बिल लावायचं असेल आणि रुपयांतला आकडा त्याच दिवशी पक्का हवा असेल, तर ते कामाला येतं. स्वतःच्या पैशांनी घेत असाल तर दुकानाच्याच चलनात भरा.

मग मार्कअप नसलेलं कार्ड काढावं का? कार्ड फुकट मिळत असेल तर विचार करण्यासारखं काहीच नाही. वार्षिक शुल्क असेल तर आकडेमोड करा. समजा ५०० रुपये शुल्क, जीएसटी धरून ५९०. साध्या कार्डावरचे ४.१३ टक्के वाचवून हे ५९० वसूल व्हायला वर्षाला साधारण १४,३०० रुपयांची परदेशी खरेदी हवी. वर्षातून एकदा चार हजारांची पेनं मागवणाऱ्यानं या फंदात पडू नये. माझ्या विद्यार्थिनीची यादी त्या आकड्याच्या कितीतरी पुढे आहे, तिनं कार्ड घ्यावं. नवीन कार्डावर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार बंदच असतात, रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२० पासून तसा नियमच केला आहे. ॲपमध्ये जाऊन ते चालू करावे लागतात, आणि खरेदी झाली की पुन्हा बंद करावेत. परदेशी संकेतस्थळं पुष्कळदा ओटीपी विचारत नाहीत, त्यामुळे हा आळस महागात पडू शकतो.

आगाऊ डॉलर भरून ठेवायचं फॉरेक्स कार्ड पार्सलच्या खरेदीसाठी मला फारसं पटत नाही. बँका ते मुख्यतः प्रवासासाठी देतात, पासपोर्ट-व्हिसा-तिकीट मागतात. डॉलर विकताना दरात आपला वाटा ठेवतात, आणि डॉलर भरलेल्या कार्डानं येनमध्ये खरेदी केली की पुन्हा रूपांतराचा आकार लागतो. दर आज गोठवून ठेवता येतो एवढंच त्याचं बळ. मुलीची किंवा मुलाची परदेशातली फी भरायची असेल तर ते बळ मोलाचं आहे. कागद आणि निबसाठी नाही.

कार्डाबद्दल आणखी एक. तुम्ही 'ऑर्डर करा' दाबता त्या दिवशीचा दर लागेलच असं नाही. व्यवहार पक्का होऊन बँकेकडे येतो तेव्हाचा दर लागतो, आणि त्यात एक-दोन दिवस जातात. मोठी उलथापालथ चालू असताना हे जाणवतं. २६ सप्टेंबर २०२२ ला, ब्रिटिश सरकारच्या करकपातीच्या घोषणेनंतर, पौंड घसरून जवळपास १.०३ डॉलरवर आला होता. तो त्याचा इतिहासातला नीचांक. आपल्याकडे महिनाभर आधी ९४-९५ रुपयांना असलेला पौंड नव्वदीच्या खाली आला. त्या आठवड्यात मी बर्मिंगहॅमच्या निब मागवल्या. स्टेटमेंटवर दर दोन दिवसांनंतरचा लागला आणि तोवर पौंड थोडा सावरला होता. तरी खरेदी स्वस्तच पडली, पण तळ गाठायचा म्हणून टपून बसण्यात अर्थ नसतो हे कळलं.

परत केलेल्या मालाचं तर याहून वाईट. परतावा येतो तो त्या दिवशीच्या दरानं, आणि मार्कअप बहुतेक वेळा परत मिळत नाही. कपडे-चपलांसारख्या मापाच्या वस्तू, ज्या परत कराव्या लागण्याची शक्यता जास्त, त्या परदेशातून मागवताना हे मनात ठेवा.

आता ज्या ठिकाणी दर खरोखरच मोठा फरक पाडतो तिकडे येऊ. जुन्या वर्तमानपत्रांत ज्याला हुंडणावळीचा दर म्हणत, तो आपल्या बातम्यांत नेहमी डॉलरचाच असतो. पण जपानी दुकान येनमध्ये विकतं. ऑगस्ट २०२० मध्ये १०० येनना साधारण ७० रुपये पडत होते. जुलै २०२४ मध्ये तेच १०० येन ५२ रुपयांच्या आसपास आले. याच काळात डॉलर मात्र ७५ वरून साडेत्र्याऐंशीवर गेला होता! म्हणजे 'रुपया घसरला' असं सगळे म्हणत असताना २,००० येनची शाईची बाटली १,४०० वरून १,०४० रुपयांवर उतरली होती. कारण व्याजदरात होतं. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं, म्हणजे फेडरल रिझर्व्हनं, मार्च २०२२ ते जुलै २०२३ मध्ये व्याजदर जवळजवळ शून्यावरून ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेला, आणि बँक ऑफ जपाननं आपला दर मार्च २०२४ पर्यंत शून्याखालीच ठेवला. पैसा येनमधून डॉलरकडे वाहत राहिला. जुलै २०२४ मध्ये एका डॉलरला १६१ येन पडत होते, ही येनची १९८६ नंतरची सर्वांत कमकुवत पातळी होती.

म्हणून तीन देशांत मिळणारी वस्तू तिन्ही चलनांत तपासा. जपानी पेन अमेरिकी दुकानातून घेतलं तर तुम्ही डॉलरचा भाव मोजता, जपानी दुकानातून घेतलं तर येनचा. दुबईचं दुकान मात्र वेगळं धरू नका. दिरहम डॉलरला ३.६७२५ या दरानं बांधलेला आहे, डॉलर चढला की तोही तेवढाच चढतो. इंग्लंडच्या दुकानात आणखी एक गोष्ट पाहा. तिथल्या किमतीत २० टक्के व्हॅट असतो, आणि माल देशाबाहेर जाणार असेल तर पुष्कळ दुकानं तो वजा करतात. पत्ता भारताचा टाकल्यावर किंमत उतरली नाही तर दुकानाला मेल लिहून विचारा. एका मेलनं वाचणारी ही रक्कम महिनाभर दराकडे डोळे लावून वाचणाऱ्या रकमेहून मोठी असते.

पैसे भरल्यावर पार्सल मुंबईत येतं आणि मग कस्टम. शुल्क लागतं ते वस्तूची किंमत, पोस्टेज आणि विमा या सगळ्यांच्या बेरजेवर, रुपयांत. त्यामुळे रुपया घसरला की वस्तू महागते, पोस्टेज महागतं आणि वर शुल्कही वाढतं. समजा २०० डॉलरचा कागद, ४० डॉलर पोस्टेज, आणि शुल्क ढोबळ ४० टक्के धरलं. ९० च्या दरानं शुल्कासकट ३०,२४० रुपये. दर ९१ झाला की ३०,५७६. एका रुपयाच्या चढीला आता ३३६ रुपये पडले. शुल्क काढताना कस्टम डॉलरचा जो दर धरतं, तो बाजारासारखा रोज हलत नाही. तो महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी संध्याकाळी जाहीर होतो आणि मध्यरात्रीपासून लागू होतो. शुल्काचा टक्का वस्तूगणिक वेगळा, आणि अर्थसंकल्पात बदलतो, म्हणून ऑर्डरआधी त्या वर्षीचा बघून घ्या. विक्रेत्याला पाकिटावर 'भेट' लिहायला सांगू नका. डिसेंबर २०१९ पासून राखी आणि जीवरक्षक औषधं सोडली तर भेट म्हणून शुल्कमाफीनं माल आणता येत नाही.

पोस्टानं आलेलं पार्सल बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनातून पुढे येतं. वेळ लागतो, पण शुल्काच्या वर फारसं काही द्यावं लागत नाही. कुरिअर लवकर येतं आणि पार्सल सोडवण्याचा स्वतःचा आकार घेतं. दोन हजारांच्या शाईवर तो आकार जाचक होतो, पंधरा हजारांच्या कागदावर सोसतो.

राहिला इथला दुकानदार. अब्दुल रहमान स्ट्रीटवर किंवा फोर्टमध्ये आयात केलेलं सामान ठेवणारा माणूस जुन्या दरानं आलेला साठा जुन्याच किमतीला विकत असतो, निदान काही आठवडे. म्हणून डॉलर अचानक उसळला की मी आधी इथली दुकानं धुंडाळते. नवा माल आला की ती खिडकी बंद होते. उलट रुपया सुधारला तरी त्याच्याकडच्या किमती लवकर उतरत नाहीत, तेव्हा बाहेरून मागवणं परवडतं. निब मात्र हातात धरून, टोक नखावर दाबून घेता येते, याची किंमत मी तरी वेगळी मोजते.

तिच्या तीन याद्यांचं शेवटी असं ठरलं. जपानची यादी येनमध्ये, नव्या कार्डावर, लगेच, पोस्टानं. निब इंग्लंडहून, व्हॅट वजा झाल्याची खात्री करून. तिच्याच बरोबरीच्या दोघी त्याच निब घेणार आहेत, तेव्हा तिघींचं पोस्टेज एकात. अमेरिकेचा कागद आत्ता नको. तो जड आहे, पोस्टेज आणि एकूण शुल्क मिळून किमतीच्या निम्म्याहून वर जातं, आणि तसाच कापसाचा कागद पुद्दुचेरीजवळ हातानं बनतो. पुढच्या शनिवारी मी माझ्याकडचे चार ताव आणणार आहे. दोन्ही कागदांवर तीच शाई, निबच्या टोकाचा तोच कट, तीच ओळ लिहून बघायची आणि मग तिनं ठरवायचं.